समुद्र सोडून कोकणात पाण्यात काय करता येईल? (नदी, तळं, खाडी, काहीही)

चाकरमानी
मंडळी, डिसेंबरच्या सुट्टीत आठ दिवस गावी जातोय. गाव मालवण तालुक्यात, कर्ली नदीच्या काठावर, देवबागच्या मुखापासून बरंच आत. दरवर्षीचा कार्यक्रम ठरलेला: तारकर्ली गाठायची, गाडी लावायला जागा शोधायची, बनाना बोटीच्या रांगेत तासभर उभं राहायचं, सात मिनिटं किंचाळायचं, मासे खाऊन घरी. यंदा पोरांनी (मुलगी १३, मुलगा ९) संप पुकारलाय. दोघं सोसायटीच्या तलावात पोहायला शिकलीत. परवा धाकट्याने विचारलं, "बाबा, आपल्या घरामागे नदी आहे, मग आपण समुद्रावर का जातो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर समुद्र सोडून नदी, तळं, खाडी यात काय करण्यासारखं आहे? होडी, पोहणं, मासे गरवणं, नुसतं बसून राहणं, काहीही चालेल. गावाच्या आसपास असेल तर उत्तम, वाटेत असेल तरी थांबू.

वडील (७४) म्हणतात, "कशाला पैसे घालवता? मी नदी पोहून पलीकडे शाळेत जायचो." आई म्हणते शाळा अलीकडेच होती.

कांदाभजी
रुमाल टाकून ठेवतो. आम्हीही जानेवारीत जातोय.

सह्यकडा
वाटेत थांबायचं असेल तर कोलाड. कुंडलिकेवरचं राफ्टिंग. सकाळी लवकर पोचावं लागतं, कारण पाणी सकाळीच सोडतात. बारा-चौदा किलोमीटरचा प्रवास आहे, उसळ्या बेताच्या, पहिल्यांदा करणाऱ्याला झेपेल अशा. पण नऊ वर्षांच्या मुलाला घेणार नाहीत, त्यामुळे तुम्ही दोघांपैकी एकाने त्याच्याबरोबर काठावर वडापाव खायची तयारी ठेवा.

गोट्या_डोंबिवलीकर
कोलाड कधीपासून कोकणात?

सह्यकडा
रायगड जिल्हा कोकणात नाही तर काय विदर्भात?

गोट्या_डोंबिवलीकर
जिथे आंबोळीबरोबर काळ्या वाटाण्याचं सांबारं मिळत नाही तिथे कोकण संपलं.

जुनी_वही
गोट्या, पुरे.

कोलाडचा विषय निघालाच आहे तर थोडं सांगतो. आपल्या नद्या पावसाळी. घाटमाथ्यावरून निघून पाऊणशे-शंभर किलोमीटरच्या आत समुद्रात. दिवाळी झाली की वरच्या अंगाला गोटेच दिसतात. मग कुंडलिका एप्रिल-मे महिन्यातही का वाहते? तर ते पाणी तिचं नाहीच. ते मुळशीचं. मुळा नदी अडवून टाटांनी धरण बांधलं आणि जे पाणी पूर्वेला पुण्याकडे गेलं असतं ते पश्चिमेला कड्यावरून भिऱ्याच्या वीजगृहात सोडलं. भिरा १९२७ साली सुरू झालं. त्याआधी १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला होता, जमिनी बुडणार म्हणून. तुमच्या राफ्टखाली जे उसळतं ते हे पाणी.

चिपळूणची वाशिष्ठी तशीच. कोयनेचं पाणी पोफळीला खाली उतरतं, कोळकेवाडीला पुन्हा वीज करतं आणि वाशिष्ठीला मिळतं. दोन्ही नद्यांवर गंमत तीच आणि धोकाही तोच. यंत्रं सुरू झाली की आभाळात ढग नसताना पाणी चढतं. ज्या खडकावर डबा उघडून बसलात तो अर्ध्या तासात पाण्याखाली. मी स्वतः चपला घालवल्यात. डबाही गेला, पण डब्यात दुधी होता.

मृण्मयी_क
दुधीसाठी नदीचे आभार :)

वाशिष्ठीकर
वाशिष्ठीचं नाव निघालं म्हणून हजर. आमच्याकडे पोहण्याचा विषय काढू नका, आमच्याकडे मगरी आहेत. थट्टा नाही. चिपळूणहून दाभोळकडे जाताना खाडीच्या काठाला, चिखलाच्या उतारावर पडलेल्या असतात. होडीतून मगरी दाखवायला नेतात, ते मात्र पोरांना जरूर दाखवा. थंडीचे दिवस सगळ्यात चांगले, कारण थंड रक्ताचा प्राणी, सकाळचं ऊन खायला बाहेर येतोच. आणि जबडा उघडून पडलेली मगर बघून मुलं घाबरतात, त्यांना सांगा की ती कुणाची वाट बघत नाहीये. अंग तापलं की तोंड उघडून ती थंड होते. कुत्रा धापा टाकतो तसंच.

एक विनंती. होडीवाल्याला "अजून जवळ घे" म्हणू नका. ती पाण्यात सटकली की मागच्या होडीतल्या लोकांना नुसता चिखल बघावा लागतो.

चाकरमानी
कर्लीतही असतात का मगरी? हे घरी वाचून दाखवलं आणि बायकोने "नदी" हा शब्द घरातून हद्दपार केलाय.

देवबागचो_झील
चाकरमान्यानू, कर्लीच्या काठार गाव आसा आणि धागो काढून इचारतास? वर कुडाळाकडे भंगसाळीत मगरी आसत, तेरेखोलातय आसत. आमच्या खालच्या खाऱ्या पाण्यात मियां पंधरा वर्सां होडी मारतंय, दोनदाच बघलंय. पण तुमच्या गावात कोणाक तरी म्हायती आसतलाच, तेका इचारा. जो रोज पाण्यात जाता तेका. चावडीर बसणाऱ्याक नको.

दुसरी गोष्ट, सकाळी वारो नसता तवा भायर पडा. दुपारी वारो सुटलो की खाली येताना हात गळान पडतत. आणि लाईफ जॅकेट घातल्याशिवाय मी कोणाक होडयेत घेनय नाय, मगे तो मामलेदार असांदे नायतर माझो सासरो.

कांदाभजी
सासरे खरंच आले होते का?

देवबागचो_झील
इले हुते. घातल्यान. बटण लागला नाय.

खलाशी
झील बरोबर सांगतोय. खाडीत जायचं तर वाऱ्याच्या आधी भरती-ओहोटी बघायची. मोबाईलवर वेळा मिळतात, पण आपल्या आजोबांचा हिशोब सोपा होता. तिथीची पाऊणपट करा, भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. म्हणजे अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, भरती सहाला. द्वादशीला नऊला. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दिवसातून दोनदा, साधारण सव्वाबारा-साडेबारा तासांच्या अंतराने. कृष्णपक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायची. हा अंदाज मुखाजवळचा, खाडीत जितके आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. पाच-दहा मिनिटांवरून माझ्याशी भांडू नका.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, पाणी जास्त चढतं, जास्त ओसरतं, आणि ओढही जबर. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मवाळ. लहान मुलांना पहिल्यांदा नेताना भांगाचे दिवस धरा.

मुख्य युक्ती ही: भरती चढत असताना वर जायचं आणि ओहोटी लागली की तिच्याबरोबर खाली यायचं. दोन्ही वेळा पाणी तुम्हाला ढकलतं. उलटं केलंत तर दोन्ही वेळा तुम्ही पाण्याला.

मुक्ता_र
खलाशीकाका, हे तुम्ही सहा वर्षांपूर्वी सांगितलं असतंत तर माझ्या आत्येचं आणि माझं बोलणं सुरू राहिलं असतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही सात जण आचऱ्याच्या खाडीत चुलतभावाच्या होडीतून निघालो. दहाला. कारण नऊला पोहे झाले. तिथी होती दशमी, हे मला नंतर कळलं. दशमीची पाऊणपट साडेसात. म्हणजे आम्ही निघालो तेव्हा पाणी केव्हाच उतरायला लागलं होतं. कांदळवनात एक सुंदर अरुंद फाटा आत जातो, खंड्या, बगळे, सगळं स्वच्छ आरशासारखं. भाऊ म्हणाला आत जाऊ. बाराच्या सुमाराला होडी हळूच टेकली. आम्हाला वाटलं गाळ आहे, वल्ह्याने ढकलू. ढकलता ढकलता पाणीच निघून गेलं. सगळीकडे चिखल, चिखलात खेकडे, आणि मधोमध होडीत सात माणसं आणि एक चिवड्याचा डबा.

उतरून चालत जाऊ म्हणून भावाने पाय टाकला तो मांडीपर्यंत गेला. तो बाहेर आला, चप्पल अजून तिथेच आहे. साडेतीन वाजता पाणी परत आलं. साडेतीन तास आत्या एकच वाक्य बोलत होती, "मी म्हटलं होतं देवळात जाऊ." बाकी ते साडेतीन तास मी विसरणार नाही. माणसांचा आवाज थांबल्यावर (चिवडा संपल्यावर) चिखलातून टिकटिक असा बारीक आवाज येत राहतो. आणि उड्या मारणारे ते डोळे वर असलेले मासे, निवट्या, अगदी होडीला टेकून फिरत होत्या.

खलाशी
निवट्या दिसल्या म्हणजे पैसे वसूल.

जुनी_वही
मुक्ता, कांदळवन बघायला अडकण्याची गरज नाही. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत महिला बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात, स्वतः वल्हवतात. कुठलं झाड कुठलं, कुणाची मुळं वर येऊन श्वास घेतात, सगळं सांगतात. मुलांसाठी बनाना बोटीच्या दसपट चांगलं.

औषधवाला
एक कोरडी सूचना. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे सिंधुदुर्गात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) साथ असते. पायाला जखम असेल तर शेताच्या, ओढ्याच्या साचलेल्या पाण्यात उतरू नका. परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना "पाण्यात गेलो होतो" हे आपणहून सांगा. डिसेंबरात भीती कमी, पण सांगून ठेवलं.

शांताक्का
चाकरमानी, तुमच्याच तालुक्यात धामापूरचं तळं आहे, ते कुणीच कसं म्हणालं नाही? माझं माहेर तिथून जवळ. दोन डोंगरांमध्ये मातीचा बांध घालून १५३० साली बांधलेलं, विजयनगरच्या काळातलं. काठावर भगवतीचं देऊळ, तिन्ही बाजूंनी झाडी. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान मिळाला. नौकाविहार होतो, पण मी तर म्हणते सकाळी जाऊन देवळाच्या पायरीवर नुसतं बसावं.

आमची आजी सांगायची, पूर्वी घरात लग्न निघालं की फुलांची परडी तळ्यात सोडायची आणि देवीकडे दागिने मागायचे. परडी दागिन्यांनी भरून वर यायची. लग्न झालं की परत करायचे. कुणीतरी परत केले नाहीत, तेव्हापासून बंद. कुणी ते मात्र प्रत्येक गाव शेजारच्या गावाचं नाव सांगतं.

आणि सावंतवाडीचा मोती तलाव. १८७४ सालचा, शहराच्या अगदी मध्यात. संध्याकाळी फेरी मारा, समोर राजवाडा. पाण्यात उतरायचं तळं नव्हे ते, काठाचं तळं आहे.

गोट्या_डोंबिवलीकर
दागिने परत न करणारा बहुतेक आमच्या सोसायटीत राहतो, आमची शिडीही त्याच्याकडेच आहे.

रानवाट
इथे सगळे उत्साहाने जागांची नावं देताहेत, मला मात्र धास्ती वाटते. भिऱ्याजवळच्या देवकुंडचं काय झालं आठवा. आधी चार भटके जायचे. मग फोटो फिरले, शनिवार-रविवारी जत्रा, बाटल्या, आणि बुडणारी पोरं. आता पावसाळ्यात बंदी घालावी लागते. आमच्या गावच्या नदीला एक कोंड आहे, निळं पाणी, खाली बघितलं तर मासे दिसतात. नाव सांगणार नाही. तारकर्लीच्या नद्यांमध्येही आता त्या फटफटी स्कूटर शिरल्यात. पक्षी उडून जातात, होडीतून जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला लाटेने भिजवतात. हे सगळं 'पर्यटन' म्हणायचं?

मृण्मयी_क
+१. आवाजाबद्दल शंभर टक्के.

देवबागचो_झील
हे मराठीत लिवतंय, सगळ्यांना कळू दे. रानवाट, तुमचं पटतं आणि पटत नाही. माझ्या वडलांच्या जाळ्यात जे यायचं त्याच्या चौथाईसुद्धा माझ्या जाळ्यात येत नाही. दोन महिने सरकारी मासेमारी बंदी, जून आणि जुलै. त्याच पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्याही बंद. उरलेल्या आठ-नऊ महिन्यांत जे मिळेल त्यात वर्ष काढायचं. माझ्याकडे स्कूटर नाही, वल्ह्याची आणि एक इंजिनाची होडी आहे. पण ज्याने कर्ज काढून स्कूटर घेतली तोही माझ्याच वाडीतला आहे. तुम्ही लोक येताना आवाज न करणारी होडी मागा, तो आवाज न करणारी होडी ठेवील. तुमचीच पोरं "ती फास्टवाली हवी" म्हणतात.

आणि तुमच्या कोंडीचं नाव नका सांगू, बरोबर आहे. मी पण आमची नाही सांगत.

रानवाट
मान्य. शेवटचं वाक्य विशेष मान्य.

सह्यकडा
रानवाट, ज्यांची राखण होते त्या जागांची नावं सांगायला हरकत नसावी. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीचे मासे म्हणून तिथे कुणी पकडत नाही. चुरमुरे टाकले की हातभर लांबीचे मासे पायाशी येतात. पोहायचं नाही, पकडायचं नाही, नुसतं बघायचं. देवीच्या धाकाने जे टिकलंय ते पाटी लावून टिकलं नसतं.

बाळू_पेणकर
मासे पकडायचे तर पहिल्या पावसात या. वलगण! शेतात पाणी भरलं की मासे उलटे चढतात, बांधावर उभं राहून टोपलीने भरायचे. डिसेंबरात काय मजा.

शांताक्का
आमच्याकडे चढणीचे मासे म्हणतात. पण बाळू, अंड्याने भरलेले मासे असतात ते. आजी दोन वेळच्या कालवणापुरते काढू द्यायची. आता लोक विजेची तार टाकून सगळा ओढा साफ करतात.

बाळू_पेणकर
तारवाल्यांना आमच्याकडेही शिव्याच बसतात. आम्ही टोपलीवाले.

खलाशी
मूळ प्रश्नातलं एक राहिलंय, ते मला टोचतंय. चाकरमानी, तुमचे वडील नदी पोहून जायचे यावर माझा विश्वास आहे. आम्हीही दोन असोले (न सोललेले) नारळ एकत्र बांधून, ते छातीखाली धरून पोहायला शिकलो. पण त्यांच्या आठवणीतल्या जागी पोरांना उतरवू नका. त्यांच्या वेळी तळ सपाट होता, कुठे कमरेएवढं, कुठे छातीएवढं हे गावाला पाठ होतं. मध्ये किती वर्षं वाळू उपसली गेली. होडीतून फावड्याने काढायचे तोवर ठीक, नंतर पंप आले. आता गुडघाभर पाण्यातून चालता चालता एकदम दोन पुरुष खोल खड्डा लागतो. वरून दिसत नाही. चांगले पोहणारे तिथे जातात, कारण ते निर्धास्त असतात. काठाला दोरी बांधा, जॅकेट घाला, आधी बांबूने तळ चाचपा. वडिलांना राग येईल, येऊ द्या.

चाकरमानी
हे मी त्यांना वाचून दाखवलं नाही. आईला दाखवलं. ती म्हणाली, "मी सांगते."

(तीन आठवड्यांनी)

चाकरमानी
धागा वर काढतोय. जाऊन आलो. लांबण लावतो, सहन करा.

कोलाड जमलं नाही, मुलगा एकटा काठावर बसणार नाही म्हणाला. चिपळूणला मात्र थांबलो. सहा मगरी, त्यातली एक बसएवढी (मुलाचं मोजमाप). आम्ही "अजून जवळ" म्हटलं नाही, शेजारच्या होडीने म्हटलं, आणि वाशिष्ठीकर, तुम्ही म्हणालात तसाच चिखल बघितला.

गावी पोचल्यावर शेजारच्या वाडीतल्या एका आजोबांना गाठलं. रोज पहाटे पाग (फेकायचं जाळं) घेऊन जाणारे. त्यांनी विचारलं, "कधी जातलास?" मी ऐटीत म्हटलं, "परवा एकादशी, म्हणजे भरती सव्वाआठला." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की खलाशीकाका, ते श्रेय तुमचं. मग म्हणाले, "हय पोचासर पावणेनव." म्हणजे तुमचं तेही बरोबर.

पावणेसातला निघालो. पाण्यावर धुकं. भरती ढकलत होती, वल्हं नुसतं दिशेपुरतं. मुलगी पुढे बसली होती, पाऊण तास एक शब्द बोलली नाही, तिच्या वयात हे आश्चर्यच. एका वळणावर पाण्यातून तीन डोकी वर आली आणि गेली. आजोबा म्हणाले, "ऊद." पाणमांजरं! फोटो नाही. पावणेनऊला पाणी थबकल्यासारखं झालं, पाच-दहा मिनिटं काहीच हलेना. मग होडी आपोआप फिरली. पोरांना भूगोलाच्या पुस्तकात न कळलेलं तिथे कळलं.

येताना मुलाने गरी टाकली. लागली ती एक शेंगटी, वीतभर. आजोबांनी आधी तिचा काटा मोडला, मग हातात दिली. घरी आणली तर आई म्हणाली, "आज एकादशी, घरात आणायची नाय." शेंगटी अंगणातल्या बादलीतून शेजाऱ्यांकडे गेली. मुलाचा अजून राग आहे, आणि त्याला आता प्रत्येक तिथी पाठ आहे.

पोहलो देवळाखालच्या घाटावर, दोरी बांधून, आजोबांनी बांबूने चाचपून दिलं तेवढ्याच चौकोनात. मुलाला दोन असोले नारळ बांधून हवे होते, तेही केलं, जॅकेटवर. नारळ जिंकले.

वडील तिसऱ्या दिवशी आले. जुन्या तरीच्या (पलीकडे नेणाऱ्या होडीच्या) वाटेने स्वतःच पुढे. पंचा नेसून कमरेपर्यंत गेले, पायाने तळ चाचपत आणखी दोन पावलं, मग थांबले. बराच वेळ पलीकडच्या काठाकडे बघत उभे होते. परत आले आणि म्हणाले, "पाणी थंड आहे." मी काही बोललो नाही. जॅकेट आईने पुढे केलं, त्यांनी घातलं, आणि मग चौकोनात नातवंडांबरोबर तासभर होते.

धामापूरला शेवटच्या दिवशी गेलो. शांताक्का, पायरीवर बसलो. बायकोने तळ्याकडे बघून विचारलं, "बांगड्या मागितल्या तर?" पुजारी हसले.

शांताक्का
डोळे भरून आले. तळ्याचं म्हणत नाहीये.

मुक्ता_र
पोहे खाऊन निघालात की न खाता?

चाकरमानी
न खाता. डब्यात नेले. एकादशी फक्त आईची.

गोट्या_डोंबिवलीकर
शाळा अलीकडे होती की पलीकडे, ते राहिलंच.

चाकरमानी
होडीवाल्या आजोबांना विचारलं. ते बाबांच्याच वर्गात होते. म्हणाले, शाळा अलीकडेच. पलीकडे करवंदं होती.